मार्गारेट कझिन्स: आयर्लंडहून भारतात आलेल्या एका कार्यकर्तीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अखिल भारतीय महिला परिषद, स्थापना 1927, पुणे’ ही ओळ स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना पाठ असते. संस्थापक म्हणून पुढे मार्गारेट कझिन्स हे नाव येतं आणि बहुतेकांचा अभ्यास तिथेच थांबतो. ही बाई कोण, आयर्लंडच्या एका लहान गावातून पुण्यापर्यंत कशी पोहोचली आणि उरलेलं आयुष्य इथेच का राहिली, असे प्रश्न अनेकांना पडतात. त्यांची ही उत्तरं.

मार्गारेट कझिन्स नेमक्या कोण होत्या?

आयर्लंडमध्ये स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढलेल्या, पेशाने संगीतशिक्षिका, पंथाने थिऑसॉफिस्ट, म्हणजे सर्व धर्मांच्या मुळाशी एकच सत्य आहे असं मानणाऱ्या. जन्म 7 नोव्हेंबर 1878, रॉसकॉमन परगण्यातल्या बॉइल गावी. मृत्यू 11 मार्च 1954, मद्रासजवळच्या अड्यारला. 1915 साली त्या भारतात आल्या, म्हणजे आयुष्याचा निम्म्याहून जास्त काळ इथे गेला. जवळची माणसं त्यांना ग्रेटा म्हणत.

माझ्या मते त्यांचं मोठेपण भाषणांत किंवा पदांत शोधू नये. त्या उत्तम चिटणीस होत्या. पत्रं लिहिणं, याद्या करणं, माणसं जोडणं, ठरावाचा मसुदा तयार ठेवणं आणि वेळ आली की खुर्ची दुसरीला देणं, हे त्यांचं खरं काम. अशा माणसांचे पुतळे उभे राहत नाहीत. त्यांच्याविषयी आपल्याला इतकं कमी ठाऊक असण्याचं हे एक कारण असावं.

त्यांचं माहेर कसं होतं?

प्रोटेस्टंट, मध्यमवर्गीय आणि राजनिष्ठ. माहेरचं आडनाव गिलेस्पी. खटलं मोठं आणि मार्गारेट भावंडांत थोरल्या, त्यामुळे लहानपणापासून धाकट्यांना सांभाळणं आलंच. आयर्लंड तेव्हा ब्रिटिश राजवटीखाली होता. बहुसंख्य लोक कॅथलिक, तर प्रोटेस्टंटांचा कल साधारणपणे ब्रिटनकडे. अशा घरात वाढूनही त्यांचा ओढा स्वराज्य मागणाऱ्या आयरिश राष्ट्रवाद्यांकडे वळला.

शाळेसाठी त्या डेरीला गेल्या, पुढे डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकल्या आणि 1902 साली त्यांनी संगीताची पदवी मिळवली. 1903 साली बेलफास्टचे कवी जेम्स कझिन्स यांच्याशी लग्न झालं. दोघंही शाकाहारी. आपल्याकडे यात नवल वाटणार नाही, पण बटाट्याबरोबर डुकराचं मांस हे ठरलेलं जेवण असलेल्या त्या देशात हा बऱ्यापैकी चक्रमपणा होता. शाकाहार, परलोकविद्या, थिऑसॉफी, स्त्रियांचे हक्क ही सगळी वेडं त्या काळी पुष्कळदा एकाच घरात नांदत. कझिन्स दांपत्य त्याचा नमुनाच म्हणायचं.

आयर्लंडमध्ये त्या तुरुंगात का गेल्या?

दोनदा गेल्या, आणि दोन्ही वेळा दगडफेकीसाठी.

1908 साली हॅना शीही-स्केफिंग्टन यांच्यासोबत त्यांनी ‘आयरिश विमेन्स फ्रँचाइज लीग’ स्थापन केली. मागणी एकच: आयर्लंडला स्वराज्य मिळेल तेव्हा त्यात स्त्रियांना मत हवं. नवरेही या कामात होते. हॅनाचे पती फ्रान्सिस आणि जेम्स यांनी 1912 पासून ‘आयरिश सिटिझन’ हे पत्र चालवलं.

नोव्हेंबर 1910 मध्ये लंडनला स्त्रियांचा मोठा मोर्चा पार्लमेंटवर गेला आणि पोलिसांनी त्यांना बेदम मारहाण केली. त्या आंदोलनात डब्लिनहून गेलेल्या तुकडीत मार्गारेट होत्या. मंत्र्यांच्या घरांच्या काचा फोडल्याबद्दल त्यांना एक महिना हॉलोवे तुरुंगात काढावा लागला. पुढे जानेवारी 1913 मध्ये, पार्लमेंटसमोर आयर्लंडच्या स्वराज्याचं विधेयक असताना, त्यांनी डब्लिन कॅसलच्या काचा फोडल्या. डब्लिन कॅसल म्हणजे ब्रिटिश कारभाराचं मुख्यालय. स्वराज्याचं विधेयक आहे आणि त्यात स्त्रियांना मत नाही, असा राग होता. या वेळी टुलामोरच्या तुरुंगात महिनाभराची शिक्षा झाली. राजकीय कैदी म्हणून वागवा, या मागणीसाठी त्यांनी तिथे उपोषण केलं.

उपोषणाचं हत्यार आपल्याकडे गांधीजींच्या नावाने ओळखलं जातं, म्हणून सालं नोंदवून ठेवलेली बरी. ब्रिटिश आणि आयरिश स्त्रिया हे हत्यार 1909 पासून वापरत होत्या आणि तुरुंगात नळी घालून जबरदस्तीने अन्न भरण्याचे अत्याचारही सोसत होत्या.

मग भारतात कशा आल्या? मिशनरी म्हणून का?

मिशनरी म्हणून नाहीच. उलट धर्मांतराच्या कामाविषयी थिऑसॉफिस्टांना फारशी आस्था नव्हती. हिंदू आणि बौद्ध तत्त्वज्ञानाकडे ते शिष्यभावाने पाहत. थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षा अ‍ॅनी बेझंट यांच्या व्याख्यानांनी कझिन्स दांपत्य त्या वर्तुळात ओढलं गेलं होतं.

येण्याचं निमित्त मात्र अगदी व्यावहारिक होतं: नोकरी. 1913 साली दोघांनी डब्लिन सोडून लिव्हरपूल गाठलं, तिथे जेम्स शाकाहारी खाद्यपदार्थांच्या कारखान्यात काम करत होते. बेझंटबाईंनी त्यांना मद्रासच्या ‘न्यू इंडिया’ या आपल्या दैनिकात साहाय्यक संपादकाची जागा देऊ केली आणि 1915 च्या अखेरीस दोघं सोसायटीचं मुख्यालय असलेल्या अड्यारला येऊन पोहोचले. पहिलं महायुद्ध चालू होतं, समुद्रात पाणबुड्यांची भीती होती. अशा काळात चाळिशीकडे झुकलेलं जोडपं घरदार आवरून निघालं, ते नोकरी आणि श्रद्धा एकाच ठिकाणी मिळत होती म्हणून.

नोकरी गेल्यावर परत का गेले नाहीत?

नोकरी गेली ती वर्षाच्या आतच, आणि गेली आयर्लंडपायी.

एप्रिल 1916 मध्ये डब्लिनला सशस्त्र उठाव झाला. तो चिरडताना ब्रिटिश सैन्याच्या एका अधिकाऱ्याने फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन यांना चौकशी-खटल्याविना गोळ्या घालून मारलं. फ्रान्सिस शांततावादी होते, उठावात त्यांनी शस्त्र धरलं नव्हतं. ते लुटालूट थांबवण्याच्या खटपटीत होते. ‘आयरिश सिटिझन’चे हेच ते सहसंपादक, घरोब्याचे मित्र. जेम्सनी ‘न्यू इंडिया’त उठावाच्या नेत्यांचा गौरव करणारा मजकूर लिहिला. बेझंटबाईंवर सरकारचा डोळा आधीच होता, वृत्तपत्र कायद्याखाली जामिनाची रक्कम मागितली जात होती. जेम्सना पत्रातून बाहेर पडावं लागलं.

पण बेझंटबाईंनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. मदनपल्लीला नुकत्याच निघालेल्या थिऑसॉफिकल कॉलेजात त्यांची सोय लावली. परत जायचं म्हटलं तर कुठे जायचं, हाही प्रश्न होताच. ज्या डब्लिनमध्ये त्यांनी तारुण्य घालवलं ते आता तोफांनी उद्ध्वस्त झालं होतं आणि मित्र मारले गेले होते.

याच वर्षी टिळकांनी एप्रिलमध्ये आणि बेझंटबाईंनी सप्टेंबरमध्ये आपापल्या होमरूल लीग काढल्या. ‘होमरूल’ हे नावच आयरिश चळवळीतून उचललेलं होतं. त्यामुळे कझिन्स दांपत्याला इथलं राजकारण परकं वाटलं नसेल, एवढं सहज म्हणता येतं.

मदनपल्लीत त्या काय करत होत्या?

मदनपल्ली हे आजच्या आंध्र प्रदेशातलं, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातलं गाव. जे. कृष्णमूर्तींचा जन्म इथलाच. जेम्स कॉलेजात शिकवत, पुढे ते प्राचार्य झाले. मार्गारेटही मुलांना इंग्रजी शिकवायच्या. त्याशिवाय त्यांनी गावातल्या बायकांची एक मंडळी जमवली. तिचं नाव ‘अबला अभिवर्धिनी समाज’. जेमतेम तीन वर्षांपूर्वी सरकारी कचेरीच्या काचा फोडणारी बाई ‘अबला’ नावाच्या मंडळात दुपारी शिवण-वाचनाला बसते, हे चित्र मला मोठं गमतीचं वाटतं.

या छोट्या मंडळातूनच मोठी संघटना सुचली. मे 1917 मध्ये अड्यारला ‘विमेन्स इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली. बेझंट अध्यक्ष, डोरोथी जिनराजदास आणि कझिन्स या प्रमुख कार्यकर्त्या. संघटनेचं ‘स्त्रीधर्म’ हे मासिक निघालं, त्याचं संपादन कझिन्स यांनी बराच काळ सांभाळलं.

‘जन गण मन’ला चाल त्यांनी लावली, हे खरं आहे का?

नाही. समाजमाध्यमांवर दर ऑगस्ट-जानेवारीला हा संदेश फिरतो, म्हणून सविस्तर सांगायला हवं.

हे गीत 27 डिसेंबर 1911 रोजी काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात गायलं गेलं, म्हणजे कझिन्स भारतात येण्याच्या चार वर्षं आधी. शब्द आणि चाल दोन्ही रवींद्रनाथांची. फेब्रुवारी 1919 मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यात रवींद्रनाथ थकून काही दिवस मदनपल्लीला कझिन्स दांपत्याकडे मुक्कामाला थांबले. तिथे संध्याकाळी गाण्याची बैठक होत असे. अशा एका संध्याकाळी त्यांनी हे गीत गायलं, विद्यार्थ्यांनी ध्रुवपदात साथ दिली आणि सगळे भारावून गेले. दुसऱ्या दिवशी, 28 फेब्रुवारीला, रवींद्रनाथांनी त्याचा इंग्रजी अनुवाद स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिला. अनुवादाला त्यांनी ‘भारताचं प्रभातगीत’ अशा अर्थाचं नाव दिलं.

मार्गारेट यांनी काय केलं? पाश्चात्त्य संगीताच्या त्या पदवीधर. त्यांनी मुलांसोबत बसून चाल पुन्हा पुन्हा गाऊन घेतली आणि ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवली. रवींद्रनाथांनी तिला पसंती दिली. आपल्याकडे बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाते आणि वाटेत थोडी बदलतेही. लिहून काढल्यामुळे ही चाल बँडला, पियानोला आणि परदेशातल्या वाजवणाऱ्यांना उपलब्ध झाली. हे काम मोलाचं आहे, पण ते लेखनिकाचं आहे, संगीतकाराचं नाही. त्यांना संगीतकार ठरवून आपण त्यांचा मान वाढवत नाही.

भारतीय स्त्रियांना मताचा हक्क मिळवून देण्यात त्यांचा वाटा किती?

सुरुवातीच्या टप्प्यात मोठा. हा भाग जरा सविस्तर पाहू, कारण पाठ्यपुस्तकांत तो एका वाक्यात उरकतात.

1917 साली भारतमंत्री माँटेग्यू सुधारणांविषयी मतं ऐकून घ्यायला भारतात आले. कझिन्स यांनी भेटीची वेळ मागितली ती प्रामुख्याने मुलींच्या शिक्षणाच्या प्रश्नासाठी. सरकारकडून कळलं की भारतमंत्री राजकीय विषयांवरच्या शिष्टमंडळांनाच भेटणार आहेत. दुसरं कुणी असतं तर अर्ज मागे घेतला असता. यांनी अर्जात मताधिकाराची मागणी घातली. डब्लिनमध्ये घोटलेला विषय, मसुदा करायला वेळ लागणार नव्हता. डिसेंबर 1917 मध्ये मद्रासला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ माँटेग्यूंना भेटलं आणि स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर मताधिकार द्या, असं सांगून आलं. नेतृत्व सरोजिनीबाईंकडे, कागद कझिन्सबाईंचा. हीच कामाची वाटणी पुढेही दिसते.

पुढच्या वर्षी मुंबईला काँग्रेसचं विशेष अधिवेशन झालं. तिथे सरोजिनीबाईंनी मताधिकाराचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. पण मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीने भारतीय समाज अजून तयार नाही, असं म्हणत मागणी फेटाळली. मग 1919 मध्ये लंडनला जाऊन पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देण्याची पाळी आली. त्यात मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन यांचा वाटा मोठा होता. मिठन म्हणजे पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेल्या मिठन लाम. या मायलेकींनी ब्रिटनमध्ये राहून गावोगावी सभा घेतल्या. त्यांच्याविषयी मराठीत खरं तर स्वतंत्रपणे लिहायला हवं.

1919 च्या कायद्याने हा निर्णय प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोपवला. 1921 साली आधी मद्रासने आणि मग मुंबई इलाख्यानेही स्त्रियांना मत दिलं. मात्र मालमत्तेची अट कायम होती. ज्यांच्या नावावर जमीन नाही, घर नाही, त्या बायकांना हा हक्क कागदावरही मिळाला नाही, आणि अशा बायका म्हणजे जवळपास सगळ्याच. 1926 मध्ये स्त्रियांना निवडणूक लढवण्याची मुभा मिळाली, तेव्हा कमलादेवी चट्टोपाध्याय यांना उभं राहण्याचा आग्रह कझिन्स यांनीच केला. प्रचारालाही त्या हिंडल्या. कमलादेवी थोडक्या मतांनी पडल्या.

महर्षी कर्व्यांशी त्यांचा काही संबंध होता का?

होता. 1916 साली कर्व्यांनी पुण्यात भारतीय महिला विद्यापीठ सुरू केलं, तेच आजचं एसएनडीटी. कझिन्स त्या विद्यापीठाच्या पहिल्या अभारतीय सदस्य. म्हणजे 1927 च्या परिषदेआधी दहा वर्षं पुण्याशी त्यांचा धागा जुळलेला होता.

अखिल भारतीय महिला परिषद पुण्यातच का भरली?

1926 साली बंगालचे शिक्षण संचालक ओटन यांनी कलकत्त्याच्या बेथून कॉलेजात भाषण करताना सुचवलं की, मुलींना कसं शिक्षण हवं हे स्त्रियांनी एकत्र येऊन सरकारला सांगावं. कॉलेजच्या माजी प्राचार्या हायडेकोपर यांनी हा मुद्दा ‘स्त्रीधर्म’मधून लावून धरला. कझिन्स यांनी तो वाचून सोडून दिला नाही. देशभरातल्या स्त्रियांना पत्रं पाठवली: आपापल्या भागात सभा घ्या, शिक्षणाविषयीच्या मागण्या लिहा, प्रतिनिधी निवडा. आधी गावोगावच्या आणि प्रांतोप्रांतीच्या परिषदा, मग त्यातून आलेल्या प्रतिनिधींची अखिल भारतीय परिषद, अशी रचना. संघटना कशी बांधावी याचं हे उत्तम उदाहरण आहे. मंडप आधी आणि माणसं नंतर, असा प्रकार नव्हता.

पुणे सोयीचं होतं ते तिथे आधीच झालेल्या कामामुळे. 1884 पासून हुजूरपागा, कर्व्यांचं हिंगण्याचं काम, 1909 पासून सेवासदन, शिवाय महिला विद्यापीठ. 1920 च्या सुमारास मुलींना सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्या म्हणून रमाबाई रानडे आणि इतर बायका पुण्याच्या नगरपालिकेशी भांडलेल्या. मुलींच्या शिक्षणावर अधिकाराने बोलू शकणाऱ्या एवढ्या बाया एका गावात दुसरीकडे मिळणं कठीणच होतं.

5 ते 8 जानेवारी 1927 या काळात फर्ग्युसन कॉलेजात परिषद झाली. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. सांगलीच्या राणीसाहेबांचाही आयोजनात पुढाकार होता. संस्थानिकांच्या घरच्या स्त्रिया, शिक्षिका, डॉक्टर, थिऑसॉफिस्ट, ब्राह्मसमाजी, पारशी, मुसलमान अशी ती सरमिसळ होती.

परिषदेत ठरलं काय?

विषय ठरला होता शिक्षण, आणि राजकारण बाहेर ठेवायचं असंही ठरलं होतं. पण मुलींच्या शाळेचा प्रश्न हाती घेतला की बालविवाह समोर येणारच. दहाव्या-अकराव्या वर्षी मुलीचं लग्न होत असेल तर तिला पुढचं शिक्षण द्यायचं कधी? पहिल्याच परिषदेत बालविवाहाविरुद्ध ठराव झाला. पुढे 1929 च्या शारदा कायद्यासाठी परिषदेने सह्या, सभा आणि शिष्टमंडळं यांचा जोर लावला. त्या कायद्याने मुलीचं लग्नाचं किमान वय 14 आणि मुलाचं 18 ठरलं.

शिक्षणाच्या बाबतीतलं दिसण्याजोगं फळ म्हणजे 1932 साली दिल्लीत सुरू झालेलं लेडी आयर्विन कॉलेज. गृहविज्ञान हा तिथला मुख्य विषय. शिकलेली बाई चांगली गृहिणी झाली पाहिजे, हा आग्रह त्या पिढीने सोडला नव्हता, आणि याबाबतीत कझिन्स त्यांच्यापेक्षा फार वेगळ्या नव्हत्या.

ही भारतातली पहिली अखिल भारतीय स्त्री-संघटना होती का?

नाही. 1904 साली मुंबईत रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भारत महिला परिषद झाली होती. 1910 मध्ये सरलादेवी चौधुराणींनी भारत स्त्री महामंडळ काढलं. 1927 ची परिषद वेगळी ठरली ती टिकल्यामुळे. तिच्या शाखा वाढल्या, घटना झाली, दरवर्षी अधिवेशन भरत राहिलं. कमलादेवी चट्टोपाध्याय, राणी लक्ष्मीबाई राजवाडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ती पुढे नेली. आजही ती काम करते.

एका गोऱ्या बाईने येऊन भारतीय स्त्रियांना संघटित करावं, हे खटकत नाही का?

खटकतं, आणि खटकायला हवं. त्या काळीही काहींना खटकलं होतं.

कझिन्स यांची जागा अवघड होती. त्या स्वतः पारतंत्र्यातल्या देशाच्या. मद्रासच्या रस्त्यावर मात्र त्या मडमच. अधिकाऱ्याला लिहिलेल्या त्यांच्या पत्राचं उत्तर लवकर यायचं, आगगाडीत त्यांना जागा मिळायची, कचेरीत त्यांना खुर्ची दिली जायची. आयरिश असल्यामुळे हे फायदे कमी झाले नाहीत. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या मद्रासजवळ मानद दंडाधिकारी झाल्या. भारतातल्या पहिल्या स्त्री दंडाधिकारी म्हणून त्यांचा उल्लेख होतो, आणि हा मान एका युरोपीय बाईला मिळाला यात आश्चर्य करण्यासारखं काही नाही.

दुसरं, त्यांच्या मनातली ‘भारतीय स्त्री’ बरीचशी पुराणातली होती. वेदकाळी स्त्रिया स्वतंत्र होत्या, मग ऱ्हास झाला, आता पुन्हा जागृती, असा थिऑसॉफिस्टांचा आवडता क्रम होता. शेतात राबणाऱ्या, गिरणीत काम करणाऱ्या किंवा गावकुसाबाहेरच्या बायका त्यात नीट बसत नाहीत. सावित्रीबाई आणि ताराबाई शिंदे ज्या प्रांतात लिहून गेल्या, तिथल्या वाचकाला हे विशेष जाणवतं. सुरुवातीच्या परिषदेतही खानदानी आणि उच्चवर्णीय बायकांचाच भरणा होता.

तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. 1927 साली कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईचं भारताची नालस्ती करणारं पुस्तक गाजलं. भारतीय स्त्रियांची दुःखं दाखवून ब्रिटिश राजवटच बरी, असं सुचवणारं ते लेखन होतं. कझिन्स आणि त्यांच्या संघटनेने त्याचा जाहीर निषेध केला. बालविवाहाविरुद्ध लढणाऱ्यांनीच निषेध करावा, याला वजन होतं. स्त्रियांची दुःखं त्यांनाही माहीत होती, पण ती साम्राज्याच्या वकिलीसाठी वापरू द्यायची नाहीत, ही जाण त्यांनी आयर्लंडहून आणली असणार.

आणि त्या बाजूला झाल्या. 1936 च्या अहमदाबाद अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, पण 1930 च्या दशकाच्या अखेरीस आपल्या थेट सहभागाची आता गरज नाही, कदाचित तो नकोही असेल, हे त्यांनी स्वतःच ओळखून आत्मचरित्रात लिहून ठेवलं. संस्था काढणारी माणसं ही गोष्ट सहसा वेळेत ओळखत नाहीत. आपल्या सहकारी संस्थांकडे आणि शिक्षणसंस्थांकडे पाहिलं की पटेल.

भारतात त्यांना तुरुंगवास झाला होता का?

हो, 1932 च्या अखेरीस. सविनय कायदेभंग दडपण्यासाठी सरकारने वटहुकूम काढले होते आणि त्यांना कायद्याचं रूप देणं चालू होतं. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर जाहीर सभेत कझिन्स यांनी त्याविरुद्ध भाषण केलं. चांगल्या वर्तणुकीची हमी द्यायला नकार दिला आणि एक वर्षाची शिक्षा पत्करून वेल्लोरच्या स्त्रियांच्या तुरुंगात गेल्या. तेव्हा वय 54. मानद दंडाधिकारी राहिलेली बाई आता दंडाधिकाऱ्यापुढे आरोपी म्हणून उभी होती. हॉलोवे, टुलामोर आणि वेल्लोर असे तीन देशांतले तीन तुरुंग त्यांच्या खात्यावर आहेत, आणि तिन्ही एकाच सरकारचे.

अ‍ॅनी बेझंट, भगिनी निवेदिता आणि कझिन्स यांच्यात लोक गोंधळ करतात. फरक कसा लक्षात ठेवावा?

बेझंट लंडनमध्ये जन्मलेल्या, आयरिश वंशाचा अभिमान सांगणाऱ्या. होमरूल चळवळ आणि 1917 चं काँग्रेस अध्यक्षपद त्यांचं. निवेदिता म्हणजे मार्गारेट नोबल, जन्म उत्तर आयर्लंडमधल्या डंगॅननचा. त्या विवेकानंदांच्या शिष्या, 1898 साली कलकत्त्याला आल्या आणि 1911 मध्येच दार्जिलिंगला वारल्या, म्हणजे कझिन्स येण्यापूर्वी. निवेदिता आणि कझिन्स या दोघींचं पहिलं नाव एकच, मार्गारेट, त्यामुळे घोटाळा होतो.

त्यांना मुलं होती का?

नाही. जेम्स आणि मार्गारेट यांनी मिळून आत्मचरित्र लिहिलं, ते 1950 साली प्रसिद्ध झालं. त्यात एक प्रकरण त्याचं, एक तिचं, असं आलटून पालटून निवेदन आहे. नवऱ्याच्या आठवणींत बायको तळटीपेपुरती, किंवा तिच्या आठवणींत तो देवासमान, असे नमुने आपण पुष्कळ वाचलेत. त्यापुढे ही रचना मला फार आवडते.

शेवटची वर्षं कशी गेली?

आजारपणात. 1940 च्या दशकात पक्षाघाताचा झटका आला आणि हिंडणं-फिरणं थांबलं. बचत फारशी नव्हती. स्वातंत्र्यानंतर मद्रास सरकारने आणि पंतप्रधान नेहरूंनी आर्थिक मदत केली. 1954 साली अड्यारला त्या वारल्या.

आणि जेम्स कझिन्स?

ते भारतीय चित्रकलेचे मोठे पुरस्कर्ते झाले. त्रावणकोर संस्थानाला कलाविषयक सल्ला देत आणि 1935 साली तिरुवनंतपुरमला उघडलेल्या चित्रालयम या कलादालनामागे त्यांचीच खटपट होती. पुढे त्यांनी हिंदू धर्म स्वीकारून जयराम हे नाव घेतलं. 20 फेब्रुवारी 1956 रोजी मदनपल्लीला त्यांचं निधन झालं.